दूरध्वनी व गोपनीयता

दूरध्वनी व गोपनीयता : दूरध्वनीवरून होणारे संभाषण, त्या संभाषणाची राहणारी नोंद आणि दूरध्वनी क्रमांकावरून कळणारी व्यक्तीची ओळख या गोष्टी तिच्या संमतीवाचून इतरांच्या हाती पडू नयेत, या अपेक्षेला दूरध्वनीविषयक गोपनीयता म्हणता येईल. या अपेक्षेचे तीन स्तर पडतात. पहिला आशयाचा, म्हणजे कोण काय बोलले याचा. दुसरा नोंदीचा, म्हणजे कोण कोणाशी, केव्हा, किती वेळ व कोठून बोलले याचा. आणि तिसरा ओळखीचा, म्हणजे एखाद्या क्रमांकामागे कोण आहे व त्या क्रमांकाने त्याचे कोणकोणते व्यवहार उघडतात याचा. भारतातील कायद्याने पहिल्या स्तराची दखल १८८५ पासून घेतली. दुसऱ्या व तिसऱ्या स्तरांचे महत्त्व मात्र भ्रमणध्वनी व ऑनलाइन सेवा यांच्या प्रसारानंतरच लक्षात आले. दूरध्वनी क्रमांक हा मूळचा एक पत्ता. एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दोन दशकांत तो पेढीतील खात्याची किल्ली बनला. हे स्थित्यंतर मुंबईलगतच्या ठाणे–कल्याण पट्ट्यात विशेष स्पष्टपणे दिसते.

तारायंत्र व १८८५ चा अधिनियम : मुंबई ते ठाणे हा भारतातील पहिला प्रवासी लोहमार्ग १६ एप्रिल १८५३ रोजी सुरू झाला. त्याच सुमारास देशात तारायंत्राच्या वाहिन्या टाकण्याचे काम हाती घेण्यात आले आणि १८५५ मध्ये तारसेवा सर्वसामान्य जनतेस खुली झाली. तारेचा मजकूर किमान दोन कर्मचाऱ्यांच्या नजरेखालून गेल्यावाचून पोहोचत नसे. त्यामुळे गुप्ततेचा प्रश्न या माध्यमात जन्मतःच होता. २८ जानेवारी १८८२ रोजी कलकत्ता, मुंबई व मद्रास येथे दूरध्वनी केंद्रे सुरू झाली. त्यानंतर तीनच वर्षांनी भारतीय तार अधिनियम, १८८५ संमत झाला. या अधिनियमातील ‘तार’ या संज्ञेची व्याख्या इतकी व्यापक होती, की पुढे दूरध्वनीचे नियमनही त्याखालीच झाले.

या अधिनियमाची रचना दुहेरी होती. त्याच्या २४ व्या कलमाने संदेशाचा आशय बेकायदेशीरपणे जाणून घेण्याचा प्रयत्न आणि २६ व्या कलमाने तार कर्मचाऱ्याने संदेश अडविणे किंवा फोडणे हे दंडनीय ठरविले. म्हणजे शेजारी, प्रतिस्पर्धी वा कर्मचारी यांच्यापासून ग्राहकाला संरक्षण दिले. उलट ५ व्या कलमाने सार्वजनिक आणीबाणीच्या किंवा सार्वजनिक सुरक्षिततेच्या प्रसंगी संदेश अडविण्याचा अधिकार शासनाकडे ठेवला. १९७२ च्या दुरुस्तीने या अधिकाराला देशाचे सार्वभौमत्व व एकात्मता, राज्याची सुरक्षितता, परराष्ट्रांशी मैत्रीचे संबंध, सार्वजनिक सुव्यवस्था आणि गुन्ह्यास चिथावणी देण्यास प्रतिबंध ही कारणे निश्चित करून दिली. तथापि अधिकार कसा वापरावा, याची कार्यपद्धती त्यानंतरही दीर्घकाळ लिखित स्वरूपात आली नाही.

चालकापासून स्वयंचलित केंद्रापर्यंत : आरंभीच्या दूरध्वनी केंद्रांत प्रत्येक संभाषण चालकाच्या हातून जोडले जाई. चालकाला संभाषण ऐकता येत असे आणि ग्राहकालाही ते ठाऊक असे. भारतातील पहिले स्वयंचलित केंद्र सिमला येथे १९१३-१४ मध्ये सुरू झाले. मुंबईचा दूरध्वनी व्यवसाय खाजगी कंपनीकडे होता, तो १९४३ मध्ये सरकारने ताब्यात घेतला. परगावच्या संभाषणासाठी ‘ट्रंक कॉल’ नोंदवावा लागे; साधा, तातडीचा व अतितातडीचा असे त्याचे प्रकार असत. विशिष्ट व्यक्तीस बोलावून घेऊनच जोडावयाच्या संभाषणास ‘पी. पी. कॉल’ म्हणत. १९६० मध्ये कानपूर–लखनौ यांच्या दरम्यान ग्राहकाला स्वतः परगावचा क्रमांक फिरविता येण्याची सोय (एसटीडी) सुरू झाली आणि चालकाचा कान हळूहळू संभाषणातून दूर होऊ लागला.

याच्या जोडीला दुर्मिळतेमुळे निर्माण झालेली एक वेगळी सार्वजनिकता होती. दूरध्वनीसाठी अनेक वर्षे प्रतीक्षा यादीत थांबावे लागे. चाळीत वा इमारतीत एखाद्याच बिऱ्हाडी दूरध्वनी असे आणि इतर रहिवासी आपल्या पत्रिकेवर तो क्रमांक ‘पी. पी.’ अशी खूण करून छापीत. निरोप येई तो शेजाऱ्याच्या दिवाणखान्यात आणि नोकरीची वा लग्नाची वार्ता सर्वांदेखत कळे. १९८० नंतरच्या दशकात एसटीडी-पीसीओच्या काचेच्या खोल्या रस्तोरस्ती उभ्या राहिल्या. तेथे दार लावून बोलण्याइतका एकांत मिळे. परंतु संभाषण संपताच फिरविलेला क्रमांक, कालावधी व आकार दाखविणारी छापील पावती यंत्रातून बाहेर पडे. आशय आता बराचसा झाकला गेला होता आणि त्याच वेळी नोंद मात्र छापील स्वरूपात उमटू लागली होती.

ग्राहकांची नावे, पत्ते व क्रमांक देणारी दूरध्वनी निर्देशिका या काळात दरवर्षी किंवा काही वर्षांच्या अंतराने छापून घरोघरी वाटली जात असे. आपले नाव निर्देशिकेत असणे हे प्रतिष्ठेचे लक्षण मानले जाई. हीच माहिती आज एखाद्या यादीतून बाहेर पडली, तर ती गंभीर गळती समजली जाते. माहिती बदललेली नाही. तिने काय साध्य होऊ शकते, ते बदलले आहे.

ठाणे–कल्याण पट्टा : या परिसरात मानपाडा नावाच्या दोन वस्त्या आहेत. एक ठाणे महानगरपालिकेच्या हद्दीत घोडबंदर मार्गावर, तर दुसरी डोंबिवली पूर्वेस, कल्याण–डोंबिवली महानगरपालिकेच्या हद्दीत. ‘पाडा’ हा शब्द लहान वस्तीचा द्योतक असून दोन्ही ठिकाणी जुन्या वस्तीभोवती दाट नागरीकरण झाले आहे. एकाच जिल्ह्यातील व एकाच पोलीस आयुक्तालयाखालील या दोन मानपाड्यांची दूरध्वनी व्यवस्था मात्र निराळी होती. ठाणे शहर हे १९८६ मध्ये स्थापन झालेल्या महानगर टेलिफोन निगम लिमिटेडच्या मुंबई क्षेत्रात मोडत असे व त्याचा संकेतांक ०२२ होता. कल्याण–डोंबिवली हे दूरसंचार खात्याच्या व २००० पासून भारत संचार निगम लिमिटेडच्या कल्याण क्षेत्रात, ०२५१ या संकेतांकाखाली होते. एका मानपाड्यातून दुसऱ्या मानपाड्यात बोलावयाचे, तर परगावचा संकेतांक फिरवावा लागे. सकाळी मुंबईकडे कामास जाणारी डोंबिवली दूरध्वनीच्या नकाशावर मुंबईच्या बाहेर होती.

भ्रमणध्वनी सेवेने हा भेद पुसला. १९९५ मध्ये भारतात ही सेवा सुरू झाली, तेव्हा मुंबई महानगर परवाना क्षेत्रात नवी मुंबई व कल्याण यांचाही समावेश करण्यात आला. २००३ मध्ये येणाऱ्या संभाषणावरील आकार रद्द झाल्यावर हे साधन मध्यमवर्गाच्या व पाठोपाठ श्रमिकांच्या हाती आले. दूरध्वनी आता घराचा राहिला नाही, व्यक्तीचा झाला. घरातील सर्वांचा मिळून एक क्रमांक असताना त्यावरून कोणा एकाचा दिनक्रम कळत नसे. प्रत्येकाचा स्वतंत्र क्रमांक होताच तो कळू लागला.

ऑनलाइन नागरी सेवांचाही या पट्ट्याशी जवळचा संबंध आहे. १९८३ मध्ये स्थापन झालेल्या कल्याण–डोंबिवली महानगरपालिकेने एकविसाव्या शतकाच्या आरंभी आपल्या कामकाजाचे व्यापक संगणकीकरण केले आणि करभरणा, जन्म-मृत्यूचे दाखले व तक्रारी यांसाठी नागरी सुविधा केंद्रे उघडली. राज्यातील इतर नगरसंस्थांपुढे हा प्रयोग नमुना म्हणून ठेवण्यात आला. जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकास मुरबाड तालुक्यातील धसई हे गाव, निश्चलनीकरणानंतर अवघ्या काही आठवड्यांत, १ डिसेंबर २०१६ रोजी महाराष्ट्रातील पहिले रोकडरहित गाव म्हणून जाहीर झाले. तेथील दुकानदारांना कार्डाने पैसे स्वीकारण्याची यंत्रे देण्यात आली. महानगरातील सदनिका आणि आडवळणाच्या बाजारपेठेचे गाव ही दोन्ही अशा रीतीने एकाच व्यवहारजाळ्यात आली.

ध्वनिमुद्रण, टेहळणी व न्यायालये : दूरध्वनी संभाषणाच्या गुप्ततेविषयीचा एक आरंभीचा महत्त्वाचा निर्णय मुंबईतील प्रकरणातून निघाला. लाच मागितल्याच्या आरोपाच्या तपासात पोलिसांनी १९६४ मध्ये एका डॉक्टरच्या संमतीने त्याच्या दूरध्वनीला ध्वनिमुद्रक जोडून मुंबईच्या तत्कालीन कॉरोनरशी झालेले संभाषण मुद्रित केले. मलकाणी विरुद्ध महाराष्ट्र राज्य या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २२ सप्टेंबर १९७२ रोजी हा पुरावा ग्राह्य धरला. संभाषण करणाऱ्यांपैकी एकाची संमती असल्यामुळे तार अधिनियमाचा भंग होत नाही, असे न्यायालयाने म्हटले. मात्र निरपराध नागरिकाच्या संभाषणात अरेरावीने हस्तक्षेप झाल्यास न्यायालय त्याला संरक्षण देईल, हेही स्पष्ट केले. गोपनीयता हा मूलभूत अधिकार आहे काय, हा प्रश्न त्या काळी अनिर्णित होता. १९५४ व १९६२ मधील निर्णयांचा कल नकाराकडे होता.

शासनाने संभाषणे ऐकण्याच्या प्रश्नाचा निकाल पीपल्स युनियन फॉर सिव्हिल लिबर्टीज या संस्थेच्या याचिकेवर १८ डिसेंबर १९९६ रोजी लागला. दूरध्वनीवरील संभाषण हा खाजगी जीवनाचा भाग असून तो कायद्याने घालून दिलेल्या पद्धतीनेच ऐकता येईल, असे सर्वोच्च न्यायालयाने ठरविले. आदेश गृहसचिवांनीच द्यावा, त्याची मुदत दोन महिने व एकूण सहा महिन्यांपेक्षा अधिक नसावी आणि समितीने त्याचे पुनर्विलोकन करावे, अशी बंधने न्यायालयाने घातली. २००७ मध्ये तार नियमांत ४१९-अ हा नियम घालून त्यांना वैधानिक रूप देण्यात आले. या बंधनांचा प्रत्यक्ष उपयोग मुंबई उच्च न्यायालयाच्या २२ ऑक्टोबर २०१९ च्या निर्णयात दिसतो. लाचलुचपतीच्या एका प्रकरणात २००९-१० मध्ये दिलेले तीन आदेश सार्वजनिक आणीबाणी वा सार्वजनिक सुरक्षितता यांपैकी कोणत्याही कसोटीस उतरत नाहीत म्हणून न्यायालयाने रद्द केले आणि मुद्रित संभाषणे नष्ट करण्याचा आदेश दिला. केवळ गुन्ह्याच्या तपासाची सोय हे कारण पुरेसे नाही, असे त्यातून प्रस्थापित झाले.

२४ ऑगस्ट २०१७ रोजी नऊ न्यायाधीशांच्या घटनापीठाने न्या. पुट्टस्वामी यांच्या याचिकेवर एकमताने गोपनीयता हा संविधानाच्या २१ व्या अनुच्छेदातील जीवित व व्यक्तिस्वातंत्र्य यांचा अंगभूत भाग असल्याचे जाहीर केले. अधिकारावर बंधन घालावयाचे, तर त्याला कायद्याचा आधार, रास्त उद्देश आणि उद्देशाशी प्रमाणबद्धता या कसोट्या लागू पडतात, हे या निर्णयाचे सार होय.

नोंदींचे मूल्य : भ्रमणध्वनीच्या प्रत्येक संभाषणाची नोंद सेवा देणाऱ्या कंपनीकडे आपोआप होते. तीत दोन्ही क्रमांक, दिनांक, वेळ, कालावधी, उपकरणाचा ओळखक्रमांक आणि ज्या मनोऱ्यामार्फत संभाषण झाले त्याचा संकेत यांचा समावेश असतो. तिला व्यवहारात सीडीआर म्हणतात. तीत उच्चारलेला एकही शब्द नसतो. तरीही काही महिन्यांच्या नोंदींवरून माणसाचे घर, कामाचे ठिकाण, आजारपण, मैत्री व मतभेद यांचा पुष्कळ अंदाज बांधता येतो. संभाषण ऐकण्यासाठी गृहसचिवांचा आदेश लागतो. नोंद मात्र तपासासाठी वरिष्ठ पोलीस अधिकाऱ्याच्या मागणीपत्रावर मिळते. गुप्ततेच्या दोन स्तरांना दिलेल्या संरक्षणातील ही तफावत महत्त्वाची आहे.

या तफावतीचे व्यावहारिक परिणाम ठाणे पोलिसांनी २०१८ च्या आरंभी उघडकीस आणलेल्या प्रकरणात दिसले. अशा नोंदी बेकायदेशीरपणे मिळवून विकल्याच्या आरोपावरून काही खाजगी गुप्तहेरांना अटक करण्यात आली. वैवाहिक तंटे व व्यावसायिक स्पर्धा यांत अशा नोंदींना मागणी असते. ज्या नोंदी केवळ तपासयंत्रणेसाठी म्हणून जपल्या जातात, त्यांना बाजारभावही येऊ शकतो, ही गोष्ट या प्रकरणाने लोकांच्या नजरेस आणली.

क्रमांक : पत्ता ते किल्ली : भारतातील पहिले स्वयंचलित पैसे देणारे यंत्र (एटीएम) १९८७ मध्ये मुंबईत बसविण्यात आले. त्या व्यवस्थेत खात्याची सुरक्षितता कार्ड व सांकेतिक अंक यांवर अवलंबून असे. दूरध्वनीचा तीत काहीच भाग नव्हता. कार्डाच्या ऑनलाइन वापराबरोबर फसवणूक वाढू लागली, तेव्हा भारतीय रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २००९ पासून अशा व्यवहारांना ओळखीचा दुसरा पुरावा अनिवार्य केला. पेढ्यांनी त्यासाठी मुख्यतः ग्राहकाच्या भ्रमणध्वनीवर पाठविलेला एकदाच वापरावयाचा अंक, म्हणजे ओटीपी, स्वीकारला. हा उपाय प्रभावी ठरला. परंतु त्यामुळे खात्याचे रक्षण क्रमांकाच्या रक्षणाशी बांधले गेले.

या दुव्याला पुढे आणखी दुवे जोडले गेले. आधार योजनेतील पहिला क्रमांक २९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली येथे देण्यात आला आणि कालांतराने आधार, पेढीतील खाते व भ्रमणध्वनी ही त्रयी परस्परांशी निगडित झाली. दूरसंचार कंपन्यांनी आधारची सक्ती करण्यास सर्वोच्च न्यायालयाने २६ सप्टेंबर २०१८ च्या निर्णयाने मज्जाव केला. मुंबईस्थित भारतीय राष्ट्रीय देयक निगमाची एकत्रित देयक प्रणाली (यूपीआय) ११ एप्रिल २०१६ रोजी जाहीर झाली. तीत क्रमांक वा चौकोनी संकेतचित्र यांच्या आधारे पैसे एका खात्यातून दुसऱ्यात तत्काळ जातात. २०२४-२५ या आर्थिक वर्षात या प्रणालीने १८,५०० कोटींहून अधिक व्यवहार झाले. भाजीवाला, रिक्षाचालक व किराणा दुकानदार यांच्यापर्यंत पोहोचलेली इतकी स्वस्त व शीघ्र देयक व्यवस्था जगात क्वचितच आढळते. तिचा शीघ्रपणा हाच फसवणूक करणाऱ्याचाही लाभ ठरतो, कारण गेलेली रक्कम काही मिनिटांत अनेक खात्यांतून फिरवून काढून घेता येते.

फसवणुकीची कार्यपद्धती : यंत्रणेतील तांत्रिक छिद्र शोधून केलेले हल्ले तुलनेने थोडे, पण मोठे असतात. ऑगस्ट २०१८ मध्ये पुण्याच्या कॉसमॉस सहकारी बँकेच्या संगणक यंत्रणेत शिरकाव करून सुमारे ९४ कोटी रुपये काढण्यात आले. त्यांतील मोठा भाग २८ देशांतील एटीएम यंत्रांतून बनावट कार्डांच्या साहाय्याने निघाला. सामान्य ग्राहकाची फसवणूक मात्र बहुधा त्याच्याच हातून करविली जाते. तिचे प्रमुख प्रकार पुढीलप्रमाणे आहेत :

(१) पेढीचा वा वीज कंपनीचा अधिकारी असल्याची बतावणी करून ओटीपी विचारून घेणे. (२) ‘पैसे मिळतील’ असे सांगून ग्राहकाकडून सांकेतिक अंक टाकविणे. यूपीआयमध्ये हा अंक पैसे देण्यासाठीच लागतो, घेण्यासाठी कधीही लागत नाही. (३) दूरस्थ नियंत्रणाचे अॅप बसविण्यास लावून ग्राहकाचा पडदा पाहणे. (४) बनावट कागदपत्रांवर ग्राहकाच्या क्रमांकाचे दुसरे सिम कार्ड मिळविणे. असे झाल्यास मूळ सिम अचानक बंद पडते व ओटीपी भलत्याकडेच जातात. (५) पोलीस, सीमाशुल्क वा तपासयंत्रणा यांचे अधिकारी म्हणवून चित्रसंभाषणावर तासन् तास, कित्येकदा काही दिवस अडकवून ठेवणे व भीती घालून रक्कम उकळणे. यास ‘डिजिटल अटक’ असे नाव पडले असले, तरी भारतीय कायद्यात अशी कोणतीही अटक नाही. पंतप्रधानांनीही २७ ऑक्टोबर २०२४ च्या आकाशवाणीवरील भाषणात हे जनतेस सांगितले.

पाचव्या प्रकारातील युक्ती नवी नाही. ऑक्टोबर २०१६ मध्ये ठाणे पोलिसांनी मीरा रोड येथील कॉल सेंटरवर छापे घातले, तेव्हा तेथील तरुण कर्मचारी अमेरिकेतील नागरिकांना तेथील करखात्याचे अधिकारी म्हणून धमकावीत व भेटकार्डांच्या रूपाने पैसे वसूल करीत, असे निष्पन्न झाले. सातशेहून अधिक कर्मचाऱ्यांची चौकशी झाली. त्याच महिन्याच्या अखेरीस अमेरिकेच्या न्यायखात्याने भारतातील कॉल सेंटरांशी संबंधित अशा फसवणुकीबद्दल ६१ व्यक्ती व संस्थांवर आरोपपत्र दाखल झाल्याचे जाहीर केले. अनोळखी माणसाला सरकारी अधिकाराची भीती घालून घाईघाईने पैसे देण्यास भाग पाडणे, हे या व्यवसायाचे मूळ तंत्र होते. पुढील काही वर्षांत तेच तंत्र भारतीय नागरिकांवर मोठ्या प्रमाणावर वापरले गेले. केंद्रीय गृहमंत्रालयाने संसदेत दिलेल्या माहितीनुसार सायबर फसवणुकीत नागरिकांनी गमावलेली रक्कम २०२३ मध्ये सुमारे ७,४६५ कोटी रुपये, तर २०२४ मध्ये सुमारे २२,८४५ कोटी रुपये होती. डिजिटल अटकेस बळी पडणाऱ्यांत निवृत्त व एकट्या राहणाऱ्या व्यक्तींची संख्या लक्षणीय आहे. त्यांची आयुष्यभराची पुंजी एका खात्यात व त्या खात्याची किल्ली एका क्रमांकात असते.

अभिव्यक्ती व भीती : आपल्याकडे कोणी पाहत आहे, या जाणिवेचा परिणाम पैशांपुरता मर्यादित राहत नाही. नोव्हेंबर २०१२ मध्ये पालघर येथे, तेव्हा हे ठाणे जिल्ह्यात होते, दोन तरुणींना फेसबुकवरील एका मजकुरावरून अटक झाली. मुंबईतील बंदविषयी एकीने मत मांडले होते व दुसरीने त्यास केवळ पसंती दर्शविली होती. या घटनेच्या पार्श्वभूमीवर श्रेया सिंघल या कायद्याच्या विद्यार्थिनीने केलेल्या याचिकेवरून सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजी माहिती तंत्रज्ञान अधिनियमाचे ६६-अ हे कलम घटनाबाह्य ठरविले. मित्रमंडळींपुरते केलेले बोलणे ऑनलाइन माध्यमात साऱ्या गावाच्या कानी जाते आणि त्याची नोंद राहते, हे पीसीओच्या पावतीने सुचविलेले तत्त्व येथे टोकास गेलेले दिसते.

संरक्षक उपाय व कायदे : माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० हा १७ ऑक्टोबर २००० पासून अंमलात आला. २००८ च्या दुरुस्तीने त्यात इतरांची ओळख चोरणे (६६-क) व संगणकाच्या साहाय्याने तोतयेगिरी करून फसविणे (६६-ड) हे गुन्हे समाविष्ट झाले. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकानुसार त्रयस्थाच्या हातून घडलेल्या अनधिकृत व्यवहाराची सूचना ग्राहकाने तीन कामकाजाच्या दिवसांत दिल्यास त्याच्यावर नुकसानीचा भार पडत नाही. परंतु ग्राहकाने स्वतःच सांकेतिक अंक सांगितला असल्यास, सूचना देईपर्यंतचे नुकसान त्यालाच सोसावे लागते. वर वर्णिलेल्या बहुतेक फसवणुकी याच दुसऱ्या वर्गात मोडतात. फसलेला माणूस कायद्याच्या दृष्टीने निष्काळजी ठरतो. भीतीने दिलेली संमती ही खरी संमती मानावी काय, हा या विषयातील सर्वांत अवघड प्रश्न होय.

केंद्र शासनाने २०१९ मध्ये सायबर गुन्ह्यांच्या तक्रारींसाठी राष्ट्रीय संकेतस्थळ व २०२१ मध्ये साहाय्य क्रमांक सुरू केला. तो क्रमांक पुढे १९३० असा झाला. तक्रार जितकी लवकर, तितकी रक्कम मधल्या खात्यात गोठविण्याची शक्यता अधिक असते. २०२३ मध्ये सुरू झालेल्या संचार साथी या सेवेद्वारे हरवलेला भ्रमणध्वनी बंद करता येतो व आपल्या नावावर किती जोडण्या आहेत हे पाहता येते. हीच सेवा प्रत्येक नव्या भ्रमणध्वनीत आधीपासून बसविण्याचा आदेश दूरसंचार विभागाने नोव्हेंबर २०२५ मध्ये दिला, तेव्हा तिच्याद्वारे नागरिकांवर नजर ठेवली जाईल असा आक्षेप घेण्यात आला आणि काही दिवसांतच ही सक्ती मागे घेण्यात आली. चोरापासून रक्षण करणारे साधन कोणाच्या हाती असावे, हा १८८५ च्या अधिनियमातील मूळचा पेच येथे नव्या रूपात पुढे आला.

व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा स्वतंत्र कायदा व्हावा म्हणून २०१७ मध्ये न्या. बी. एन. श्रीकृष्ण यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमण्यात आली. तिने २७ जुलै २०१८ रोजी अहवाल सादर केला. त्यानंतर अनेक मसुद्यांतून जाऊन डिजिटल व्यक्तिगत माहिती संरक्षण अधिनियम, २०२३ संमत झाला व त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांतील प्रमुख बंधने टप्प्याटप्प्याने लागू व्हावयाची आहेत. माहिती गोळा करताना संमती घेणे, हेतू सांगणे आणि गळती झाल्यास संबंधित व्यक्तीस कळविणे ही कर्तव्ये या अधिनियमाने संस्थांवर टाकली आहेत. शासनाला मात्र राज्याची सुरक्षितता वगैरे कारणांसाठी विस्तृत सूट देता येते. दूरसंचार अधिनियम, २०२३ ने १८८५ च्या अधिनियमाची जागा घेण्यास प्रारंभ केला असून संदेश अडविण्याविषयीचे नवे नियम डिसेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध झाले. जुन्या कायद्यातील कारणांची चौकट त्यातही बव्हंशी कायम आहे.

मूल्यमापन : दूरध्वनीच्या या इतिहासात गोपनीयतेचा सरळ ऱ्हास झाला, असे म्हणता येत नाही. चालकाचा कान गेला, शेजाऱ्याचा दिवाणखाना गेला आणि बोलणाऱ्याला पूर्वी कधी नव्हता असा एकांत मिळाला. स्त्रियांना व तरुणांना घरच्यांच्या नकळत बोलण्याची मोकळीक त्यातूनच लाभली. मात्र जो एकांत बोलण्याला मिळाला, तो नोंदीला व ओळखीला मिळाला नाही. पूर्वी ऐकणारा माणूस परिचित असे. त्याचा संकोच धरता येई व त्याला जाबही विचारता येई. आता नोंद ठेवणारी यंत्रणा अदृश्य असते आणि तिचा दुरुपयोग झाल्याचे बहुधा नुकसान झाल्यावरच कळते. दोन्ही मानपाड्यांतील रहिवाशाला आज परगावचा संकेतांक फिरवावा लागत नाही, कराच्या भरण्यासाठी रांग लावावी लागत नाही व खिशात रोकड बाळगावी लागत नाही. या सोयींची किंमत त्याच्याकडून पैशांत क्वचितच घेतली जाते. ती माहितीच्या रूपाने घेतली जाते. ती किती घ्यावी, कोणी घ्यावी आणि चूक झाल्यास भार कोणी सोसावा, हे ठरविण्याचे काम कायद्याने आरंभिले असून ते अद्याप पुरे झालेले नाही.